सात दहाची वहिवाट

शनिवार, २ ऑगस्ट

डायरी लिहिणाऱ्या माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही. घरात ज्यांचं कोणी ऐकत नाही ती माणसं डायरी लिहितात. माझी गोष्ट वेगळी आहे. मला नोंद ठेवायची आहे, कारण आमच्या कंपनीत कोणीतरी फितूर झालंय.

वीस वर्षं मी या विमान कंपनीची वेळापत्रकं लावते. आमची कंपनी लहान. रस्त्यापलीकडे मोठी कंपनी. तिची इमारत सगळी काचेची, आमच्या इमारतीच्या निदान खिडक्यांना काचा आहेत. आमच्या छोट्या मार्गावर शनिवारी सकाळचं तिकीट स्वस्त करायचं मी गेल्या आठवड्यात ठरवलं. हे माहीत होतं साहेबांना, मला आणि माझ्या खोलीतल्या दोघांना. सोमवारी जाहीर करणार होतो. काल शुक्रवारी मोठ्या कंपनीनं तीच सवलत, त्याच मार्गावर, त्याच वाराला जाहीर केली. साहेब म्हणाले, योगायोग असेल. योगायोगावर विश्वास ठेवायला मी काय काल नोकरीला लागले?

खोलीतले दोघे म्हणजे दरवाले आणि मौनी. दरवाले तिकिटांचे दर ठरवतात. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा संशय पहिल्यांदा त्यांच्यावरच जातो. पण इतका उघड माणूस फितूर निघणं म्हणजे अगदीच सोपं झालं. मौनी माझी सहायक. सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसते, पण तिला कुठला रंग आवडतो हे मला ठाऊक नाही. विचारलं तेवढंच बोलते, सांगितलं तेवढं करते आणि सहा वाजता डबा पुसून घरी जाते. जी बाई इथे काहीच बोलत नाही ती कुठेतरी बोलत असणारच.

कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवार, ३ ऑगस्ट

जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून भाऊजी दर रविवारी आमच्याकडे जेवायला असतात. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. नोकरी त्याच मोठ्या कंपनीत, पण खरेदी विभागात. खुर्च्यांची कव्हरं आणि टिश्यू पेपर विकत घेतात. त्यामुळे आमच्या घरात दोन कंपन्यांचं वैर वगैरे काही नाही. टिश्यू पेपरशी माणूस कसलं वैर धरणार?

आज त्यांनी फार छान प्रश्न विचारला. म्हणाले, वहिनी, तुमचं ते सकाळी सात दहाचं विमान निम्मं रिकामं जातं म्हणे, मग ते उडवता कशाला?

मी म्हटलं, भाऊजी, शेतातून जायची वाट असते ना, तसं आहे हे. सात दहाला धावपट्टी वापरायचा हक्क आम्हाला मिळालाय तो वहिवाटीनं. पाच वेळांपैकी चार वेळा आपण तिथून उडालो तर पुढच्या हंगामात ती वेळ आपली. कमी उडालो की गेली, रांगेत पुढे असेल त्याला मिळाली. सकाळची वेळ म्हणजे सोनं. आज ना उद्या तिच्यावर लांबचं, फायद्याचं विमान लावता येतं. तोवर वाट मोडू नये म्हणून कोणीतरी तिच्यावरून चालत राहायचं. छोटा मार्ग त्यासाठी. पाऊण तासाचं उड्डाण. वर चढतानाच सगळं इंधन जातं, चहाची गाडी मधल्या रांगेपर्यंत पोचते न पोचते तोच उतरायची घोषणा. विमानतळाचं भाडं मात्र लांबच्या विमानाएवढंच. प्रवासी म्हणाल तर इतके कमी, की आमची हवाईसुंदरी प्रत्येकाला नावानं हाक मारते आणि घरी सगळे बरे आहेत ना विचारते.

भाऊजी इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ऐकणारा असा असावा. नाहीतर आमचे हे. मी बोलायला लागले की ह्यांना नेमकं पाणी हवं असतं, नाहीतर पंखा बंद करायचा असतो. आज तर बातम्यांचा आवाज वाढवला. बायकोचं कौतुक सख्ख्या भावानं केलेलंही काही नवऱ्यांना बघवत नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

विमानतळाच्या रस्त्यावर मोठ्या कंपनीची नवी पाटी लागलीय. दोन मजली. त्यावर लिहिलंय: "आमच्या विमानात तुम्हाला कोणी नावानं हाक मारणार नाही. कारण विमान भरलेलं असतं."

गाडी बाजूला घेऊन मी ती दोनदा वाचली. आधी संताप आला. मग, इथे खोटं का लिहू, हसू आलं. वाक्य चांगलं बसलंय. हे लिहिणारा माणूस आपल्याकडे असायला हवा होता.

पण हा विनोद माझा आहे. मी तो कुठे बोलले? ऑफिसात बोलले असणार. नक्की आठवत नाही, पण असल्या गोष्टी माझ्या तोंडून चालता बोलता निघतात आणि शेजारी बसलेली असते मौनी. ती हसत नाही, म्हणजे लक्षात ठेवत असणार. दुपारी मी तिला सहज विचारलं, ती पाटी पाहिलीस का? म्हणाली, पाहिली. मी म्हटलं, कशी वाटली? म्हणाली, मोठी आहे.

एवढ्या सावध उत्तराला काही अर्थ नाही असं कोण म्हणेल?

रविवार, १० ऑगस्ट

भाऊजींना पाटीचं सांगितलं तर त्यांना असा ठसका लागला की मला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. बिचारे लाल झाले. हे मात्र जागचे हलले नाहीत. भावाकडे असे बघत बसले, जणू ठसका लागणं हा गुन्हाच. नंतर दोघं जिन्यात काहीतरी हळू बोलत होते. मी गेले तेव्हा गप्प. सासऱ्यांच्या जागेचं काहीतरी असणार. भावाभावांतल्या जमिनीत बाईनं पडू नये, म्हणून मी विचारलं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज खोलीत नवा नियम जाहीर केला. यापुढे महत्त्वाचं काहीही कागदावर नाही, मेलवर नाही, फोनच्या संदेशात नाही. मी तोंडी सांगेन, तुम्ही तोंडी ऐकायचं आणि करायचं. लिहिलेलं चोरीला जातं.

दरवाले म्हणाले, मॅडम, मला तर लिहून दिलेलंही विसरायला होतं. मी म्हटलं, मग तुमच्याकडून काही फुटायची भीतीच नाही. मौनीनं हात वर केला. शाळेत करतात तसा. स्लॉटच्या, म्हणजे धावपट्टीच्या वेळा वाटणाऱ्या, ऑफिसला कळवायचं असेल तेही तोंडी आदेशावर कळवायचं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सगळं म्हणजे सगळं. तिनं मान हलवली आणि पेन खाली ठेवलं. पेन ठेवायची ती पद्धत मला आवडली नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

साहेबांनी दार लावून घेतलं तेव्हाच समजलं. आकडे वाईट आहेत. पावसानं आणि बिघाडानं या हंगामात सात दहाची बरीच उड्डाणं रद्द झाली. पाचांत चार हे प्रमाण जेमतेम टिकलंय. साहेब म्हणाले, सात दहा आपल्याकडे राहिली तर बँक आपल्याला दारात उभं करते. ती गेली तर मालक वेळापत्रकाचं काम बाहेरच्या एजन्सीला देऊन टाकतील. म्हणजे मी, दरवाले, मौनी, तिघंही घरी.

दरवाल्यांचं काही नाही, त्यांच्या बायकोचं औषधांचं दुकान आहे. मौनीच्या घरी आई आणि अधू भाऊ, कमावणारी ती एकटी. माझं म्हणाल तर पन्नाशीला आलेल्या, जिभेला धार असलेल्या बाईला नवी नोकरी कोण देतं?

म्हणून फितूर सापडलाच पाहिजे.

सोमवार, १८ ऑगस्ट

सापळा लावला. दोघांना दोन वेगळी खोटी गुपितं सांगायची. मोठी कंपनी ज्या गुपितावर हालचाल करेल त्या गुपिताचा मालक तो फितूर.

दरवाल्यांना गच्चीवर नेऊन सांगितलं की छोट्या मार्गावर आपण अगदी लहान विमान लावणार. ते म्हणाले, बरं झालं, खुर्च्या तरी भरलेल्या दिसतील.

मौनीला साठवणीच्या खोलीत नेलं, जुन्या वेळापत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये. म्हटलं, छोट्या मार्गाचा तोटा आता झेपत नाही. हिवाळ्यापासून सात दहा आपण परत करतोय. सगळे वार. साहेबांचाच निर्णय आहे, पण त्यांच्याशीसुद्धा एक अक्षर बोलायचं नाही.

तिचा चेहरा उतरला. सहा वर्षांत तिच्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पहिल्यांदा पाहिलं. हळूच म्हणाली, "मॅडम, मग ते एकोणतीस तारखेच्या आत कळवावं लागेल. पाचच्या आत. नंतर कळवलं तर वेळ तर जातेच, वर दंड बसतो."

मी गंभीर चेहरा करून मान हलवली. अभिनय बरा जमला असावा, कारण ती आणखी काही न विचारता गेली.

रविवार, २४ ऑगस्ट

आज जेवणं रंगली. भाऊजींना सापळ्याची सगळी हकीकत सांगितली. गच्ची, साठवणीची खोली, दोघांचे चेहरे, मी दोघांच्याही नकला केल्या. भाऊजी आधी पोट धरून हसले, मग जरा गंभीर झाले. म्हणाले, म्हणजे सात दहा तुम्ही परत करणार नाहीच?

मी म्हटलं, वेड लागलंय का? जीव गेला तरी नाही.

"पण त्या बाईला हे खोटं आहे हे माहीत नाही."

"तीच तर गंमत आहे, भाऊजी."

"आणि तिनं खरंच परत केली तर?"

मी हसले. म्हटलं, ती? वेळ परत करायची कळ दाबायचा अधिकार तिला आहे, मीच दिलाय, पण मला विचारल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही.

भाऊजींनी मग भात घेतला नाही. पोट भरलं म्हणाले आणि जरा लवकरच गेले. एकट्या माणसाचं खाणं असंच होतं. ते गेल्यावर हे म्हणाले, ऑफिसच्या गोष्टी ऑफिसात ठेवत जा. मी म्हटलं, ऑफिसात फितूर आहे, तिथे कशी ठेवू? ह्यांनी कपाळावर हात ठेवला.

बुधवार, २७ ऑगस्ट

सापडली!

स्लॉटच्या ऑफिसात एक ओळखीचे कारकून आहेत. सहज बोलता बोलता त्यांनी सांगितलं की मोठ्या कंपनीनं सोमवारी सकाळी अर्ज टाकलाय. हिवाळ्यासाठी. सात दहा रिकामी झाली तर आम्हाला द्या म्हणून. रांगेत पहिला नंबर. लहान विमानाबद्दल मात्र कुठेही हूं की चूं नाही.

म्हणजे मौनीच. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण दुपारी तिनं माझ्यासाठी चहा आणून ठेवला, साखर कमी, मला लागते तशी, आणि मला तो प्यावासा वाटेना. एवढं शांतपणे माणूस कसा गळा कापतो?

साहेबांना अजून सांगितलं नाही. तिनं बातमी दिली असेल, पण पोचवली कोणी? ती तर सहाला घरी जाते. दरवाले आणि ती दुपारी एका टेबलावर जेवतात. दर शुक्रवारी दरवाले चारलाच निघतात, आणि विचारलं तर हसून दुसरंच बोलतात. ती देते आणि हे पोचवतात. दोघंही एकदम हाती लागले तर पक्कं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

चार वाजता दरवाल्यांच्या मागे निघाले. फोन बंद करून ठेवला. पाठलाग करताना पर्समध्ये फोन वाजला तर हसं व्हायचं.

ते आधी बसनं गेले, मग चालत. मी दोन वळणं मागे. एका कुंपणाच्या दारातून आत शिरले. मी थोडा वेळ थांबून आत गेले तर समोर पोहण्याचा तलाव. उथळ भागात आठ-नऊ वर्षांची पोरं, आणि त्यांच्या मधोमध छातीशी लाल फळी धरून आमचे दरवाले. शिकवणारी मुलगी ओरडत होती, काका, पाय हलवा, पाय! दरवाले पाय हलवत होते, पण पुढे जात नव्हते. मी खांबाआड तासभर उभी राहिले. न जाणो, त्या पोरांपैकी एखाद्याचा बाप मोठ्या कंपनीत असेल. तसं काही दिसलं नाही. शेवटी दरवाले एका दमात फळीसकट पलीकडच्या कठड्यापर्यंत पोचले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होते, वेळीच सावरले.

घरी येऊन फोन सुरू केला. मौनीचे किती तरी फोन येऊन गेलेले. मी परत केला नाही. घाबरली असणार. घाबरू दे.

शनिवार, ३० ऑगस्ट

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी गेले तर मौनी माझ्या टेबलापाशी उभी. म्हणाली, मॅडम, काल तुमचा फोन लागत नव्हता. साहेबांना विचारायचं नव्हतं. तुम्ही शेवटपर्यंत काही बदल सांगितला नाहीत, म्हणून पाच वाजायच्या आत कळवून टाकलं. दंड वाचला.

मी म्हटलं, काय कळवलंस?

ती म्हणाली, सात दहा परत केली ना. सगळे वार.

खुर्चीत मी बसले की पडले ते आठवत नाही. कारकुनांना फोन केला. ते म्हणाले, बाई, परत केलेलं परत मिळत नसतं. रांगेतल्या पहिल्या नंबरला सकाळीच गेली ती वेळ. वर म्हणाले, तुमच्या कंपनीचं मन मोठं.

सोमवार, १ सप्टेंबर

साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं. मालक फोनवर. साहेबांनी मौनीला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून? ती म्हणाली, मॅडमच्या. साहेबांनी विचारलं, लेखी आहे काही? ती म्हणाली, लिहायचं नाही असं ठरलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काय सांगायचं होतं? की हो, सांगितलं होतं, पण ते खोटं सांगितलं होतं? कामकाजाच्या वेळेत, साहेबांचं नाव घेऊन? मालक ऐकत होते. मी म्हटलं, सात दहा परत करायचा आदेश मी दिलेला नाही. हे वाक्य मी घरी येऊन पुन्हा तपासलं. शब्दशः खरं आहे. मी माहिती दिली होती आणि मान हलवली होती. आदेश कुठे दिला?

आणि समजा मी सगळं सांगितलं असतं, तरी सुटली कोण असती? फितूर. मोठ्या कंपनीचा अर्ज आधी, हिची कळ नंतर. दोन्हीचा मेळ कसा बसला हे तिनंच सांगावं. ते मी साहेबांना सांगितलं. लहान पोरानंसुद्धा तोच अर्थ काढला असता.

मौनी काहीच बोलली नाही. हा तिचा जुना दोष.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

मौनीचा शेवटचा दिवस. चौकशी नको म्हणाली, राजीनामा दिला. मालकांनी तो लगेच घेतला.

कमाल म्हणजे दिवसभर ती काम समजावत होती. हिवाळ्यातल्या पाळ्या कुठे अडल्यात, कुठल्या वैमानिकाची सुट्टी कधी आहे, कुठला आकडा दोनदा तपासावा. मला हे फार खटकलं. निर्दोष माणूस भांडला असता, चार शब्द सुनावून गेला असता. सगळं नीट लावून तोच जातो ज्याच्या मनात काहीतरी असतं.

निघताना दारापाशी थांबली. "मॅडम, साठवणीच्या खोलीत तुम्ही मान हलवलीत. ती हो म्हणून नव्हती का?"

मी म्हटलं, "कधी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल. मग म्हणाली, "राहू दे. बीपीची गोळी दुपारी जेवणानंतर घेत जा. मी आठवण करायचे म्हणून सांगते." आणि गेली.

गोळीचं मी आज विसरलेच होते. सहा वर्षं घेते आहे, पण रोज आठवण कोण करतं हे कधी लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळभर चैन पडलं नाही. मग ठरवलं, असल्या गोष्टींनी विरघळून चालत नाही. माणसाच्या जवळ शिरायची हीच तर रीत असते.

रविवार, ७ सप्टेंबर

आनंदाची बातमी. भाऊजींना बढती मिळाली. टिश्यू पेपर सुटला, आता थेट वेळापत्रक विभागात. ह्या वयात! म्हणाले, साहेब लोक म्हणाले की तुम्हाला बाजाराची नाडी कळते. मी म्हटलं, कळणारच, दर रविवारी कोणाच्या पंगतीला बसता? ते ओशाळून हसले. मिठाईचा डबा माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. गरीब स्वभाव.

ह्यांनी मिठाईला हात लावला नाही. उलट मला विचारलं, त्या मुलीचं काय झालं? मी म्हटलं, कुठली मुलगी? म्हणाले, तुझी सहायक. आई आणि भाऊ आहेत ना तिला? मी सांगितलं, गेली. हे उठून गॅलरीत गेले. भाऊजीही मागोमाग. काचेतून दिसत होतं, हे बोलत होते आणि भाऊजी खाली मान घालून उभे. बढती मिळालेल्या धाकट्या भावाला असं झापतात का? मत्सर, दुसरं काय.

बुधवार, १७ सप्टेंबर

साहेबांनी पुन्हा दार लावून घेतलं. हे असं: मालकांनी आमच्या खोलीला वर्षअखेरपर्यंत मुदत दिलीय. पण एक वाट आहे. तिसरी एक कंपनी गाशा गुंडाळतेय. तिची संध्याकाळी सहा चाळीसची वेळ पुढच्या आठवड्यात मोकळी होणार. अजून कोणालाही माहीत नाही, साहेबांना त्यांच्या जुन्या मित्राकडून कळलंय. मोकळी होताच जो पहिला अर्ज टाकेल त्याची ती. मिळाली तर सात दहाचं दुःख अर्धं होईल आणि नोकऱ्या वाचतील. गेली तर खोलीला कुलूप.

साहेब म्हणाले, तुम्ही आणि मी. तिसऱ्या कानाला कळता कामा नये.

मी म्हटलं, साहेब, आता तिसरा कान राहिलाच कुठे? तो तर आपण काढून टाकला.

ते हसले नाहीत. म्हणाले, मालकांनी त्या मुलीची फाइल पुन्हा बघायला मागवलीय. तिनं त्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला बारा फोन केले होते. फितूर असती तर एवढे कशाला केले असते, असं ते विचारत होते.

मी म्हटलं, देखावा. साहेब म्हणाले, असेल.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी मी स्वयंपाकाला लागले तर हे म्हणाले, आज तो येणार नाही. मी नको म्हणून सांगितलंय. यापुढेही रविवारी नको.

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, सख्खा भाऊ, घरी बायको नाही, एक दिवस पोटभर जेवतो तर तुमच्या पोटात दुखतं. बढती मिळाली हाच त्याचा गुन्हा ना? ह्या घरात माझं बोलणं मन लावून ऐकणारा एकच माणूस आहे, तोही तुम्हाला बघवत नाही.

हे उठून गॅस बारीक करून आले. मग म्हणाले, "तू इथे बोलतेस ते बाहेर जातं. मला एवढंच सांगता येतं. तो माझा भाऊ आहे."

शेवटचं वाक्य कशासाठी जोडलं ते समजलं नाही. रागात माणूस काहीही जोडतो. पण पहिल्या वाक्यानं मी हबकले. इथे बोलते ते बाहेर जातं! वीस वर्षांत ह्यांनी माझ्या कामाचं पहिल्यांदा काहीतरी उपयोगी सांगितलं. मी उगाच ऑफिसात फितूर शोधत बसले. खालच्या मजल्यावरची बाई दिवसभर गॅलरीत कपडे वाळत घालते. एवढे कपडे दोन माणसांच्या घरात असतात कुठे? तिचा जावई विमानतळावर गाड्या लावायच्या ठेक्यावर आहे. आणि आमच्या जेवणघराची खिडकी नेमकी तिच्या डोक्यावर.

मग मौनी? मौनीचं मी मनात तिथेच थांबवलं. एका वेळी एकच.

भाऊजींना फोन करून म्हटलं, तुमच्या दादांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, पान वाढलंय. ते नको नको म्हणत होते. मी म्हटलं, आला नाहीत तर मी जेवणार नाही. आले. दारात ह्यांची आणि त्यांची नजरानजर झाली. ह्यांनी चपला घातल्या आणि कुठे जातो ते न सांगता जिना उतरले. बरंच झालं, एक कान कमी.

जेवणघराची खिडकी मी लावून घेतली, कडी घातली. गॅलरीचं दार लावलं, पडदा ओढला. रेडिओ मोठा केला. भाऊजी म्हणाले, वहिनी, हे कशाला? आज दुसरं काहीतरी बोलू, राहू दे ते ऑफिस. किती समजूतदार! ह्यांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल त्याची कल्पना आली.

मी म्हटलं, घाबरू नका, आता बाहेर काही जात नाही. खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढली आणि हळू आवाजात सहा चाळीसचं सगळं सांगितलं.